फाइल साधी, उघडते मात्र वेबपेज होऊन

या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच मी मुद्दाम एकत्र घेतलीयेत, कारण गावं वेगळी, प्रोग्राम वेगळे, पण दुखणं सगळ्यांचं एकाच घरातलं आहे. साध्या टेक्स्ट फाइलला प्रोग्राम भलतंच काहीतरी समजतो आणि आपला मजकूर डोळ्यांसमोर नाहीसा होतो. पहिल्या उत्तरात जरा सविस्तर लिहिलंय, बाकीच्यांनी तेही वाचा, कारण मूळ कारण तिथेच सांगितलंय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात आयटी शिकवते. बारावीच्या मुलांना एचटीएमएलचा (वेबपेज लिहायची भाषा) कोड नोटपॅडमध्ये लिहून डॉट टीएक्सटी फाइल द्यायला सांगितली होती, म्हटलं वर्डमध्ये उघडून प्रिंट काढू आणि लाल पेनने नीट तपासू. पण वर्डमध्ये उघडलं की कोड कुठेच नाही, सरळ तयार झालेलं पान दिसतं, मोठं हेडिंग, तक्ता, सगळं. फाइलचं नाव टीएक्सटीच आहे, दहा वेळा बघितलं. मुलांनी काही चुकीचं सेव्ह केलंय का? ४० फाइली आहेत हो.

उत्तर : मॅडम, मुलांचं काही चुकलेलं नाही आणि फाइलीही जशाच्या तशा शाबूत आहेत. फक्त एक करा, अशी उघडलेली फाइल सेव्ह करू नका. वर्डने बंद करताना विचारलं तर "डोन्ट सेव्ह" म्हणा. हे आधी सांगते कारण ह्या प्रकारात नुकसान उघडताना होत नाही, ते होतं कंट्रोल-एस दाबलं की. तुम्ही त्या पानात नुसता एक स्वल्पविराम टाकून सेव्ह केलंत तरी मुलाने लिहिलेला कोड जातो आणि त्या जागी वर्डने स्वतःच्या पद्धतीने लिहिलेला एचटीएमएल येतो, वर ढीगभर स्टाइलच्या ओळी, मुलाच्या वीस ओळींच्या जागी काहीशे ओळी, आणि मग ते मूल शपथेवर सांगेल की हे मी लिहिलेलं नाही आणि ते खरंच असेल.

आता हे होतं कशामुळे. फाइल कसली आहे हे ओळखायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे नावाचं शेपूट बघायचं, डॉट टीएक्सटी, डॉट डॉकएक्स वगैरे, विंडोज हेच बघतं आणि त्यावरून चिन्ह लावतं. दुसरी म्हणजे फाइल उघडून सुरुवातीची अक्षरं बघायची. बऱ्याच फाइलींच्या सुरुवातीला त्यांची खूण असते. पीडीएफ फाइल टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ह्या तीन अक्षरांनी सुरू होते. डॉकएक्स फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, सगळा गिचमिड मजकूर दिसेल पण पहिली दोन अक्षरं स्पष्ट दिसतील, पी आणि के. कारण डॉकएक्स ही आतून झिप फाइल असते आणि झिप काढणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं आहेत, १९८९ पासून चालत आलेली. पण साध्या टेक्स्ट फाइलला अशी काही खूणच नाही! पहिल्या अक्षरापासून तुमचा मजकूर सुरू. तेच तिचं मोठेपण आहे, कुठल्याही कॉम्प्युटरवर कधीही उघडते, आणि तीच तिची पंचाईत आहे, कारण ती टेक्स्ट आहे हे ती स्वतः सांगू शकत नाही, प्रोग्रामला अंदाज करावा लागतो.

आणि वर्ड नुसत्या नावावर विश्वास ठेवत नाही, आत डोकावतो. याचा अनुभव तुम्ही घेतलाच असेल, कितीतरी वेबसाइटवरून डॉट डॉक नावाचा रिपोर्ट उतरवून घेतो तो आतून निव्वळ एचटीएमएल असतो, तरी वर्ड तो तक्त्यासकट बिनबोभाट उघडतो. तो गुण इथे अंगावर येतो. तुमच्या मुलांनी शिस्तीत पहिल्याच ओळीत <एचटीएमएल> लिहिलं (फाइलीत अर्थातच रोमन अक्षरांत, इथे मी नागरीत छापतेय), वर्डने ते बघितलं आणि म्हटलं हे तर वेबपेज. शिवाय वर्डला एचटीएमएल काही नवं नाही. ऑफिस २००० आलं तेव्हापासून एचटीएमएल हा वर्डच्या स्वतःच्या फॉरमॅटच्या बरोबरीचा धरला गेलाय, सेव्ह करायचं आणि परत उघडायचं दोन्ही त्यात होतं, त्यामुळे ती ओळख त्याला लगेच पटते.

उपाय असा. वर्ड उघडा, फाइल, मग ऑप्शन्स, डावीकडे ॲडव्हान्स्ड, आणि मग खाली सरकत जा, बरंच खाली, जनरल असं शीर्षक येईपर्यंत. तिथे "कन्फर्म फाइल फॉरमॅट कन्व्हर्जन ऑन ओपन" अशी ओळ आहे, तिच्या चौकोनात टिक करा आणि ओके. आता मुलांची फाइल उघडलीत की वर्ड आधी थांबेल आणि "कन्व्हर्ट फाइल" नावाची छोटी खिडकी दाखवेल, त्यात यादी असते आणि एचटीएमएलवर निळी पट्टी आधीच बसलेली असते, म्हणजे त्याचा अंदाज तो आहे. घाईत ओके दाबू नका. यादीत "प्लेन टेक्स्ट" आणि "एन्कोडेड टेक्स्ट" अशा दोन ओळी शोधा. कोड सगळा इंग्रजीत असेल तर प्लेन टेक्स्ट चालेल, पण तुमच्या मुलांनी पानावर मराठी मजकूर लिहिला असणार, "आमचं गाव" वगैरे, मग एन्कोडेड टेक्स्ट घ्या, पुढच्या खिडकीत "अदर एन्कोडिंग" (एन्कोडिंग म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची रीत) निवडून यूटीएफ-८ वर टिचकी मारा, खाली नमुना दिसतो त्यात मराठी नीट वाचता आलं की ओके. हे चुकलं तर मराठीच्या प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हं दिसतात, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात आणि चुकीच्या एन्कोडिंगमध्ये वाचलं की ते तीन बाइट सुटे सुटे दिसतात. घाबरू नका, बंद करा, सेव्ह न करता, आणि परत उघडा.

ही टिक ठेवली की डॉकएक्स सोडून बाकी बऱ्याच फाइली उघडताना वर्ड विचारत राहील. काहींना त्याचा कंटाळा येतो आणि ते टिक काढून टाकतात, मी मात्र माझ्या कॉम्प्युटरवर कायम ठेवते. एक क्लिक जास्त लागते पण काय उघडतोय ते मला ठाऊक असतं.

टीएक्सटीचं नाव दहा वेळा बघितलं म्हणालात, त्याबद्दल एक. विंडोज ओळखीची शेपटं लपवून ठेवतं, त्यामुळे "उत्तर.टीएक्सटी" असं दिसणारी फाइल खरंतर "उत्तर.टीएक्सटी.एचटीएमएल" असू शकते. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू, शो मध्ये "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" चालू करा, विंडोज १० मध्ये ते व्ह्यू टॅबवरच आहे. मुलांच्या लॅबमधल्या सगळ्या मशीनवर हे चालू असलंच पाहिजे असं माझं मत आहे, एक्स्टेन्शन दिसत नसताना एचटीएमएल शिकवणं म्हणजे झाकल्या पाटीवर मुळाक्षरं गिरवायला लावणं.

आणि मॅडम, आता तपासण्याबद्दल, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. समजा एका मुलाने <एच१>आमचं गाव</एच१> असं बरोबर लिहिलं आणि दुसऱ्याने शेवटची तिरकी रेघ विसरून <एच१>आमचं गाव<एच१> लिहिलं. कोड बघितलात तर चूक चटकन दिसते. पण वेबपेज म्हणून उघडलं तर दोघांचंही "आमचं गाव" मोठ्या ठळक अक्षरांत दिसणार, कारण एचटीएमएल वाचणारे प्रोग्राम फार समजूतदार असतात, चुका पोटात घालून पान दाखवतात. पहिल्याने ओळी नीट आत सरकवून लिहिल्या आणि दुसऱ्याने सगळं एका ओळीत कोंबलं, तेही दिसणार नाही, एचटीएमएलमध्ये कितीही स्पेस आणि कितीही एंटर म्हणजे एकच मोकळी जागा. म्हणजे ज्या गोष्टीचे मार्क द्यायचे तीच नजरेआड. म्हणून कोड दिसल्याशिवाय एकही पेपर तपासू नका, काही तपासले असतील तर ते परत बघा.

खरं सांगायचं तर प्रिंटच काढायची असेल तर वर्डची गरजच नाही. नोटपॅडमधून कंट्रोल-पी केलं की कोड जसा आहे तसा छापून येतो, नोटपॅड एचटीएमएल ओळखतच नाही त्यामुळे हा प्रश्नच नाही. वर्डमध्ये घ्यायचाच असेल, ओळींना नंबर द्यायचेत वगैरे, तर नोटपॅडमध्ये उघडा, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, आणि वर्डच्या कोऱ्या पानावर पेस्ट स्पेशलमधून अनफॉरमॅटेड टेक्स्ट. फक्त मुलांना वर्डमध्ये कोड टाइप करू देऊ नका, वर्ड सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार करतो आणि ती वळणदार चिन्हं ब्राउझरला कळत नाहीत, मग मूल दोन तास चूक शोधत बसतं.

प्रश्न : मडगावहून लिहितोय. आमच्या वाचनालयाची छोटी वेबसाइट मी सांभाळतो, तिच्या पानांचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, मी टेक्स्ट फाइल करून जपून ठेवलाय. माझ्याकडे लिब्रेऑफिस आहे, वर्ड नाही. फाइलवर डबलक्लिक केलं की त्यातला रायटर पान दाखवतो, सोर्स नाही. ओपन विथमधून रायटर निवडलं तरी तेच. ह्याला वर्डसारखं सेटिंग आहे का?

उत्तर : तुमच्या खिडकीच्या अगदी वर, टायटल बारवर बघा, तिथे नुसतं "लिब्रेऑफिस रायटर" न लिहिता "रायटर/वेब" असं लिहिलेलं असेल. म्हणजे रायटरने ती वेबपेज धरलीये. तो शब्द दिसला की सावध व्हायचं, मी तर उघडल्या उघडल्या तिकडेच बघते.

इथे टिक करायचं एक ठरलेलं सेटिंग नाही पण दुसरी सोय आहे आणि मला ती जास्त आवडते कारण त्यात तुम्ही रायटरला सरळ हुकूम देता. डबलक्लिक सोडून द्या. आधी रायटर उघडा, फाइल, ओपन, आणि फाइलवर एकदाच क्लिक करा, उघडू नका. मग त्याच खिडकीत जिथे "ऑल फाइल्स" लिहिलंय ती यादी उघडा. लांबलचक आहे, धीराने खाली जा, टेक्स्ट डॉक्युमेंटांच्या गटात "टेक्स्ट - चूज एन्कोडिंग" सापडेल, जुन्या आवृत्त्यांत आणि ओपनऑफिसमध्ये तिचंच नाव "टेक्स्ट एन्कोडेड" होतं. ते निवडून ओपन करा. आता रायटर अंदाज करत नाही, तुम्ही सांगितलंय तेच करतो. पुढे कॅरेक्टर सेट विचारेल, तिथे यूटीएफ-८. सोर्स अक्षरन् अक्षर दिसेल. ही निवड प्रत्येक वेळी करावी लागते, ते खरं.

नुसतं बघायचंच असेल आणि फाइल आधीच रायटर/वेबमध्ये उघडलेली असेल तर व्ह्यू मेनूत "एचटीएमएल सोर्स" येतं, तेही बघा, पण तुमच्यासारखं जपून ठेवायचं काम असेल तर मी त्यावर विसंबणार नाही. वाचनालयाच्या फाइली आहेत, त्यांना जीएडिट, केट किंवा नोटपॅड++ असा एखादा साधा टेक्स्ट एडिटर डबलक्लिकसाठी कायमचा नेमून टाका आणि रायटर पत्रांसाठी, अहवालांसाठी ठेवा.

तुम्हाला हे इतकं आग्रहाने का सांगतेय तेही सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या कुलसंमेलनासाठी मी नातेवाइकांची यादी एका टेक्स्ट फाइलीत केली होती, प्रत्येक ओळीत नाव आणि त्यापुढे < > ह्या कंसात इमेल पत्ता, मेलमध्ये दिसतो तसा. वरच्या बाजूला कुठल्याशा पानावरून घेतलेला कोड चिकटून राहिला होता, माझ्या लक्षात आलं नाही. एका प्रोग्रामने ती वेबपेज म्हणून उघडली, कंसातला प्रत्येक पत्ता त्याने टॅग, म्हणजे पानावर न दाखवायची सूचना, समजून गिळला, नावं तेवढी एकाखाली एक न दिसता एका लांब परिच्छेदात आली. मला वाटलं ओळी तुटल्यात फक्त, मी एंटर मारत मारत त्या नीट केल्या आणि सेव्ह केलं. पत्ते गेलेत हे दुसऱ्या दिवशी मेल पाठवायला बसले तेव्हा कळलं. बॅकअप नव्हता. एकेका घरी फोन करून, स्पेलिंग विचारून, परत सगळे पत्ते गोळा केले, दोन मावश्यांचे तर मिळालेच नाहीत कारण ते त्यांच्या मुलांनी कधीतरी काढून दिले होते आणि त्यांना आठवत नव्हते. तेव्हापासून कुठलीही टेक्स्ट फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडायच्या आधी मी तिची कॉपी करते, नेहमी.

प्रश्न : मॅडम, सोलापुरात माझा डीटीपीचा व्यवसाय आहे. एका लेखकाचं जुनं हस्तलिखित आम्ही पंधरा वर्षांपूर्वी कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करून टेक्स्ट फाइलीत ठेवलं होतं. आता नवीन आवृत्ती काढायचीय. ऑपरेटरने वर्डमध्ये उघडलं तेव्हा एक खिडकी आली, त्याने पहिलंच जे होतं ते ओके केलं. मजकूर आला, फॉन्ट लावला, मराठी दिसलं, पण मधूनमधून अर्धी अर्धी वाक्यं गायब आणि काही ठिकाणी नुसता काना लोंबकळतोय. फाइल करप्ट झाली का? लेखक आता हयात नाहीत, मूळ कागदही नाहीत.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी लगेच तुम्हाला उत्तर पाठवलं होतं, इथे सगळ्यांसाठी छापतेय कारण महाराष्ट्रभर अशा फाइली पडून आहेत. फाइल करप्ट झालेली नाही. खिडकीत एचटीएमएलला ओके झालंय. मूळ टेक्स्ट फाइलीवर सेव्ह केलं नसेल तर अख्खं पुस्तक सुखरूप आहे.

वाक्यं का गेली ते बघा, कारण ते एकदा कळलं की तुम्ही दुसऱ्या कुणाचीही फाइल वाचवाल. कृतिदेव हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा नंबर देणारी पद्धत, नव्हे. त्यात फाइलीत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फक्त फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. के ह्या इंग्रजी अक्षराचा काना दिसतो, एक्सचा ग, वायचा ल. आणि ढ कसला असतो माहितीये? < ह्या चिन्हाचा. झ असतो > ह्या चिन्हाचा. हीच दोन चिन्हं एचटीएमएलमध्ये टॅगची सुरुवात आणि शेवट! म्हणजे वेबपेज म्हणून वाचणाऱ्या प्रोग्रामला तुमच्या लेखकाच्या प्रत्येक ढ पाशी टॅग सुरू होतोय असं वाटतं आणि पुढचा झ येईपर्यंतचं सगळं तो टॅगच्या आतलं, म्हणजे न दाखवायचं, असं धरतो.

एक वाक्य घेऊ. "ढोल वाजला आणि माझा ऊर भरून आला." कृतिदेवच्या फाइलीत ढ च्या जागी < आहे, त्याला लागून के, एस, वाय ही अक्षरं, म्हणजे आपलं "ोल". चिन्हाला चिकटून इंग्रजी अक्षर आलं की एचटीएमएलच्या नियमाप्रमाणे तो टॅग. मग "वाजला आणि मा" हे सगळं त्या टॅगच्या पोटात, "माझा" मधल्या झ वर, म्हणजे > वर, टॅग संपतो. उरतं काय? झा चा काना आणि "ऊर भरून आला". तो तुमचा लोंबकळणारा काना! त्याच्या मागचा झ आणि त्याच्याही मागचं पाऊण वाक्य तिथेच आहे, दिसत नाहीये.

म्हणूनच गायब होण्याला काही नियम नाही असं तुम्हाला वाटलं असेल, पण आहे. "वाढ" सारखा शब्द ढ ला संपला आणि पुढे स्पेस असेल तर काही जात नाही, कारण < नंतर मोकळी जागा असली तर तो टॅग धरायचा नाही असा नियम आहे. "पुढे", "गाढव", "काढून", "एवढा" हे मात्र सगळे धोक्याचे. आणि झ तसा कमी येणारं अक्षर, त्यामुळे एखादा ढ कधी चार शब्द खातो तर कधी अख्खा परिच्छेद.

आता काय करायचं. मूळ फाइलीच्या दोन कॉपी करा, एक पेनड्राइव्हवर. मग वर्डमध्ये परत उघडा, "कन्व्हर्ट फाइल" खिडकीत या वेळी एन्कोडेड टेक्स्ट, आणि पुढे एन्कोडिंगमध्ये "विंडोज (डिफॉल्ट)". वर सांगलीच्या मॅडमना यूटीएफ-८ सांगितलं ते तुम्हाला लागू नाही, तुमची फाइल त्या काळची आहे आणि कृतिदेवची काही जोडाक्षरं साध्या इंग्रजी अक्षरांच्या पलीकडच्या चिन्हांवर बसवलेली आहेत, यूटीएफ-८ म्हणून वाचलं तर नेमकी तीच बिघडतात. उघडल्यावर आधी इंग्रजी गिचमिडच दिसेल, सगळं सिलेक्ट करून कृतिदेव लावा. "ढोल" शोधून बघा. मग युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा, कृतिदेव ते युनिकोडचे कन्व्हर्टर सहज मिळतात, आणि कन्व्हर्ट झाल्यावर एक माणूस बसवून मूळ कृतिदेव फाइलीबरोबर ताडून वाचा, रफार आणि ऱ्हस्व वेलांटीपाशी बारीक लक्ष ठेवून, कारण कन्व्हर्टर तिथेच जास्त चुकतात.

युनिकोडमध्ये गेलं की हा प्रश्न मुळातूनच मिटतो. तिथे ढ ला स्वतःचा नंबर आहे, ०९२२, आणि झ ला ०९१डी, टॅगच्या चिन्हांशी त्यांचा काही संबंध नाही. जे लेखक आता नाहीत त्यांचा शब्द फॉन्टच्या भरवशावर ठेवू नका हो, लगेच करून घ्या. आणि ऑपरेटरला बोलू नका, त्या खिडकीत आधीच निळी पट्टी एचटीएमएलवर असेल तर कुणीही ओके दाबेल.

प्रश्न : ताई, मी पुण्यात बीकॉमला आहे. प्रोजेक्टसाठी गोळा केलेला डेटा मी कॉमा टाकून टेक्स्ट फाइलमध्ये लिहिला, पहिल्या ओळीत कॉलमची नावं, पहिला कॉलम आयडी. एक्सेल म्हणतं ही एसवायएलके फाइल आहे आणि फॉरमॅट चुकीचा आहे. मी असली काही फाइल केलीच नाही!

उत्तर : नाहीच केलीस, तुझं बरोबर आहे. एसवायएलके हा स्प्रेडशीटचा एक फार जुना फॉरमॅट आहे आणि त्या फाइली कॅपिटल आय आणि कॅपिटल डी ह्या दोन अक्षरांनी सुरू होतात. तुझ्या फाइलीची पहिली दोन अक्षरंही नेमकी तीच. एक्सेलने अंदाज केला. नोटपॅडमध्ये उघड, पहिला आयडी छोट्या लिपीत कर किंवा त्याच्या आधी दुसरा एखादा शब्द लाव, रोल नंबर वगैरे, सेव्ह कर आणि परत उघड. गाइडने विचारलं तर हेच कारण सांग, ते खरं आहे.

असाच अंदाज चुकल्याचं एक जुनं उदाहरण तुला आवडेल. विंडोज एक्सपीच्या नोटपॅडमध्ये "बुश हिड द फॅक्ट्स" एवढंच इंग्रजीत लिहून, एंटर न मारता, सेव्ह करून परत उघडलं की चिनी अक्षरं किंवा नुसते चौकोन दिसायचे. लोकांनी त्यात राजकारण शोधलं. प्रत्यक्षात नोटपॅड त्या बाइटांवरून "हे युनिकोड असावं" असा अंदाज करायचं आणि दोन-दोन इंग्रजी अक्षरं जोडून एक चिनी अक्षर वाचायचं, तशा लांबीच्या शब्दांचं दुसरं वाक्य घेतलं तरी तेच व्हायचं. व्हिस्टात ते दुरुस्त झालं.

प्रश्न : न्यू जर्सीत राहते, मॅकवर आहे. मंडळाच्या न्यूजलेटरचा एचटीएमएल मी टेक्स्टएडिटमध्ये उघडते तर ते कोड न दाखवता सजवलेलं पान दाखवतं. नोटपॅड इथे नाही, काय करू?

उत्तर : टेक्स्टएडिटमध्येच सोय आहे. सेटिंग्जमध्ये (जुन्या मॅकवर प्रेफरन्सेस) "ओपन अँड सेव्ह" टॅब, त्यात "डिस्प्ले एचटीएमएल फाइल्स ॲज एचटीएमएल कोड" ने सुरू होणारी ओळ आहे, टिक करा, फाइल बंद करून परत उघडा. आणि नवीन फाइल सुरू करताना फॉरमॅट मेनूतून "मेक प्लेन टेक्स्ट" करून घ्या, शिफ्ट-कमांड-टी, नाहीतर टेक्स्टएडिट ती रिच टेक्स्ट म्हणून सेव्ह करायला बघतं. स्मार्ट कोट्सही त्याच सेटिंग्जमध्ये बंद करता येतात, ते करा. न्यूजलेटरमधल्या लिंका न चालण्याचं जे पत्राच्या शेवटी लिहिलंय ते बहुतेक त्या वळणदार अवतरणचिन्हांमुळेच असणार, आधी तेवढं बदलून बघा आणि मला कळवा.